लंडन ते डार्विन : ॲमी जॉन्सन हिचे चरित्र

लंडन शहरापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन हे गाव किती दूर आहे, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर एकच देता येणार नाही. भूगोलाच्या वर्गातील पृथ्वीचा गोल समोर घ्यावा आणि त्यावर या दोन ठिकाणांमध्ये एक दोरा ताणून धरावा. तो दोरा सुमारे ८,६०० मैलांचे, म्हणजे १३,८०० किलोमीटरांहून किंचित अधिक, अंतर दाखवील. हे झाले गणिताचे अंतर. परंतु मनुष्य काही दोऱ्यावरून चालत नाही. त्याला पेट्रोल लागते, अन्न लागते, रात्री अंग टाकावयास जागा लागते. वाटेत डोंगर येतात, वाळूची वादळे येतात आणि पावसाळा तर आपल्या वेळेवर येतोच. म्हणून १९३० साली जी मुलगी एकटी विमानात बसून या वाटेने गेली, तिला सुमारे ११,००० मैल आक्रमावे लागले आणि त्यास साडेएकोणीस दिवस लागले. त्या मुलीचे नाव ॲमी जॉन्सन. तिचे वय त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे एक मोठे बंदर आहे. तेथे १ जुलै १९०३ रोजी ॲमीचा जन्म झाला. तिच्या वडिलांच्या घराण्यात मासळीचा व्यापार होता व तो चांगला चाललेला होता. घरात चार मुली. त्यांत ॲमी सर्वांत वडील. शाळेत ती हूड म्हणूनच प्रसिद्ध होती. मुलांबरोबर क्रिकेट खेळताना एकदा चेंडू तोंडावर बसून तिचे पुढचे दात दुखावले. त्यावरून सोबतिणींनी तिची थट्टा मांडली आणि तेव्हापासून ती जरा एकलकोंडी झाली असे म्हणतात. पुढे शेफील्डच्या विश्वविद्यालयातून अर्थशास्त्र विषय घेऊन तिने १९२५ साली बी. ए. ची पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर मुलीपुढे शिक्षिका होणे किंवा टंकलेखिका होणे याखेरीज फारसे मार्ग नसत. ॲमीने दुसरा मार्ग पत्करला आणि लंडनमध्ये एका वकिलांच्या कचेरीत ती पत्रे टंकलिखित करू लागली.

येथवरच्या हकिगतीत असामान्य असे काहीच नाही, आणि हीच गोष्ट मला विशेष वाटते. ती लहानपणापासून आकाशाकडे टक लावून बसणारी मुलगी नव्हती. लंडनच्या उत्तरेस स्टॅग लेन येथे एक विमानतळ होता. १९२८ साली सुटीच्या दिवशी ती सहज तिकडे गेली, तेथील क्लबात विमान चालविण्यास शिकवितात असे तिला कळले, आणि तिने आपले नाव घातले. शिकण्यातही तिची गती फार होती असे नव्हे. सामान्य विद्यार्थ्यास आठ-दहा तासांच्या शिकवणीनंतर एकट्याने विमान उडविण्याची परवानगी मिळे. ॲमीला सुमारे सोळा तास लागले. जमिनीवर उतरताना तिचे विमान हमखास आदळे, आणि हा दोष पुढे पुष्कळ काळ तिच्या मागे लागलेला आपणांस दिसेल. परंतु जुलै १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळविला, आणि तेवढ्यावर न थांबता ती विमानांच्या कारखान्यातच जाऊन बसू लागली. सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर अंगात कामगाराचा पोशाख चढवून, हात तेलाने माखून, ती यंत्रे खोलावयास व जोडावयास शिकली. तेथील मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज याने तिला हाताशी धरले. १९२९ च्या डिसेंबरात विमानांची तपासणी व दुरुस्ती करण्याचा सरकारी परवाना तिला मिळाला. असा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय. पुढील सर्व कथेत मला या दुसऱ्या परवान्याचेच महत्त्व अधिक वाटते.

त्याच वर्षी तिची एक बहीण अकाली वारली. घरातील या दुःखाचा तिच्या मनावर खोल परिणाम झाला होता. कचेरीतील कामाला ती विटली होती. अशा मनःस्थितीत तिने ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेण्याचा बेत केला.

हा बेत किती धाडसाचा होता हे समजण्यासाठी त्या वाटेचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास विमानाने प्रथम गेले ते रॉस व कीथ स्मिथ हे बंधू. १९१९ साली दोन इंजिनांच्या मोठ्या विमानातून, दोन यंत्रज्ञ बरोबर घेऊन, ते अठ्ठावीस दिवसांत डार्विनला पोहोचले. या अठ्ठावीस दिवसांपैकी विमान प्रत्यक्ष हवेत होते ते अवघे १३५ तासांच्या सुमारास, म्हणजे सहा दिवसांहूनही कमी! राहिलेला काळ पेट्रोल भरण्यात, चिखलातून चाके उपसण्यात, झोप घेण्यात आणि हवा निवळण्याची वाट पाहण्यात गेला. पुढे १९२८ साली बर्ट हिंक्लर हा अनुभवी वैमानिक एका लहानशा विमानातून एकटाच गेला आणि त्याने हे अंतर साडेपंधरा दिवसांत कापले. हाच विक्रम मोडावयाचा असे ॲमीने मनाशी ठरविले. बोटीने त्या काळी सुमारे पाच आठवडे लागत.

हिंक्लरजवळ वर्षानुवर्षांचा अनुभव होता. ॲमीजवळ जेमतेम नव्वद तासांचा होता, आणि तिने तोपर्यंत केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून आपल्या माहेरी हल येथे जाणे, एवढाच. मदतीसाठी तिने अनेकांकडे पत्रे पाठविली; बहुतेकांनी ती मनावर घेतली नाहीत. शेवटी ब्रिटनच्या मुलकी विमानखात्याचे प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर यांनी तिचा पक्ष घेतला, तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी पैसे दिले, आणि उरलेले वडिलांनी घातले. सहाशे पौंडांना एक जुने ‘जिप्सी मॉथ’ जातीचे विमान विकत घेण्यात आले. वडिलांच्या मासळीच्या पेढीचे व्यापारी चिन्ह ‘जेसन’ असे होते. तेच नाव विमानास मिळाले.

या जेसनचे वर्णन ऐकून आजच्या वाचकास नवल वाटेल. त्याला दोन जोडपंख होते, त्यांवर कापड ताणून रोगण चढविलेले होते, आणि पुढे शंभर अश्वशक्तीचे एकच इंजिन होते. वैमानिकाची बैठक उघडी, डोक्यावर छप्पर नाही. ऊन, पाऊस, थंडी सारे अंगावर घ्यावयाचे. ताशी वेग ऐंशी-पंच्याऐंशी मैलांचा. बिनतारी यंत्र मुळीच नाही. दूरच्या पल्ल्यासाठी पेट्रोलच्या जादा टाक्या बसविल्या होत्या, आणि त्यांतील पेट्रोल हातपंपाने वरच्या टाकीत चढवावे लागे. त्याच्या वासाने तिला मळमळत असे. एक जादा पंखा विमानाच्या कुशीला दोरीने बांधून घेतला होता. नकाशावर तिने पट्टी ठेवून लंडनपासून डार्विनकडे शक्य तितकी सरळ रेघ ओढली होती. मधले डोंगर आणि वाळवंटे या रेघेखाली येत होती, पण नकाशावर ती उंच दिसत नाहीत.

५ मे १९३० च्या सकाळी क्रॉयडनच्या विमानतळावरून ती निघाली. निरोप देण्यास वडील व काही मोजके स्नेही होते. पेट्रोलच्या भाराने विमान पहिल्या धावेत उठेना. दुसऱ्या खेपेस ते उठले. त्या दिवशी ती व्हिएन्नास पोहोचली, दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलला. हे दोन्ही पल्ले आठ-आठशे मैलांचे. दिवसभर विमान चालवावयाचे, उतरल्यावर स्वतःच इंजिन तपासावयाचे, तेल बदलावयाचे, गाळण्या धुवावयाच्या, आणि मध्यरात्रीनंतर दोन-तीन तास झोपून पहाटे पुन्हा निघावयाचे, असा तिचा नित्यक्रम होता.

तिसऱ्या दिवशी तुर्कस्तानातील टॉरस पर्वत आडवा आला. त्याची शिखरे बारा हजार फुटांपर्यंत चढतात आणि तिचे इंजिन तितक्या उंचीवर धापा टाकू लागे. तेव्हा वर जाण्याचा नाद सोडून ती खाली आली आणि रेल्वेचे रूळ धरून खिंडीतून जाऊ लागली. दोन्ही बाजूंस खडकांच्या भिंती, इतक्या जवळ की पंखांची टोके लागतील. आणि एका वळणावर समोरून ढगांचा लोट येऊन खिंड भरून गेली. काही क्षण तिला काहीच दिसेना. ढगातून बाहेर पडली तो विमान सरळ कड्याच्या रोखाने चाललेले! तिने ते कसेबसे वळविले. त्या संध्याकाळी ती सीरियातील अलेप्पो येथे सुखरूप उतरली.

चौथ्या दिवशी बगदादच्या वाटेवर वाळूचे वादळ उठले. विमान हजारो फूट खाली ओढले गेले, डोळ्यांवरचे चष्मे धुळीने भरले, आणि ती वाळवंटात उतरली. उतरल्यावरही वारा विमानास मागे ढकलीत होता, म्हणून तिने आपल्या पेट्या उतरवून चाकांना टेकण लावले, इंजिनाच्या तोंडावर कापड बांधले आणि विमानाच्या शेपटीवर बसून राहिली. दुरून कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येत होते. त्या बाजूची रानटी कुत्री माणसाचे लचके तोडतात असे तिने ऐकले होते. तिने पिस्तूल हाती धरले. दोन-तीन तासांनी वारा पडला. कुत्री आली नाहीत. ती पुन्हा उडाली आणि दिवस मावळण्यापूर्वी बगदाद गाठले.

इराणातील बंदर अब्बासवरून ती १० मे रोजी कराचीस आली. लंडनहून कराचीपर्यंतचे सुमारे चार हजार मैल तिने सहा दिवसांत कापले होते, आणि हिंक्लरला येथवर येण्यास जितके दिवस लागले त्यांहून हे दोन दिवस कमी होते. निघताना जिची कोणी दखल घेतली नव्हती, तिचे नाव आता जगभरच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले.

कराचीहून एका दमात अलाहाबादला जावयाचे असा तिचा विचार होता. परंतु समोरचा वारा सुटला. विमानाचा वेग ताशी ऐंशी मैलांचा असला आणि वारा समोरून वीस मैलांचा असला, तर खालच्या जमिनीवरून ते साठच मैल पुढे सरकते. पेट्रोल मात्र ऐंशीच्या हिशोबाने जळत राहते. दोन शहरांमधील अंतर तेच, पण पोहोचण्याचा वेळ वाऱ्याच्या मर्जीने वाढतो, हे गणिताच्या पुस्तकातील नावेच्या व प्रवाहाच्या उदाहरणासारखेच आहे. ते उदाहरण सोडविताना आम्ही कंटाळतो. तिला ते भरदुपारी आकाशात सोडवावे लागले आणि उत्तर आले ते असे की, अलाहाबादेस पोहोचण्यापूर्वी टाकी रिकामी होणार. तिने खाली पाहिले तो झाशी शहर दिसत होते.

झाशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तांब्यांची मनू घोड्यावर बसून उभी राहते. त्याच गावी, त्र्याहत्तर वर्षांनी, ही दुसरी एकटी स्वार लष्कराच्या कवाईतीच्या मैदानावर उतरली. शिपायांची धांदल उडाली, विमान आवरेना, ते धावत धावत बराकींच्या इमारतींमध्ये शिरले आणि एका खांबास पंख लागून थांबले. घामाने निथळलेली, उन्हाने चेहरा भाजलेली एक तरुण मुलगी त्यातून उतरली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांना क्षणभर काय बोलावे ते सुचले नसेल. मे महिन्यातील झाशीचे ऊन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. गावच्या सुताराने पंखाची मोडलेली लाकडे नीट केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती अलाहाबादेकडे निघाली. तेथे पेट्रोल घेऊन संध्याकाळी कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर ती पोहोचली.

आतापर्यंत तिच्या पदरी दोन दिवसांची आघाडी होती. ती रंगूनला गेली. कलकत्त्याहून निघताच पावसाळ्याच्या आगाऊ सरींनी तिला गाठले. रंगूनचे घोडदौडीचे मैदान हे उतरण्याचे ठिकाण ठरलेले होते. मुसळधार पावसात तिला ते सापडेना. इन्सीन या जवळच्या गावी एक मोकळी जागा दिसली, तेच ते मैदान समजून ती उतरली. ती जागा एका यंत्रशिक्षणाच्या शाळेचे खेळाचे मैदान निघाली. मैदान आखूड होते. विमान त्याच्या टोकापलीकडे गेले आणि चरात कोसळले. पंखा मोडला, चाक गेले, एका पंखाचे कापड फाटून लोंबू लागले. ॲमी तेथेच उभी राहून रडली असे सांगतात, आणि त्यात मला काही उणे वाटत नाही.

पण ती जागा शाळेची होती हे तिचे भाग्य! त्या संस्थेचे शिक्षक व विद्यार्थी कामास लागले. मोडलेले भाग कार्यशाळेत नव्याने घडविण्यात आले. पंखावर ताणावयास विमानाचे कापड मिळेना. तेव्हा असे आढळले की महायुद्धानंतर शिल्लक राहिलेले विमानाचे कापड त्या भागात विकले गेले होते आणि लोकांनी त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे उसवून पंखाला ठिगळे लावली. कुशीला बांधून आणलेला जादा पंखा आता उपयोगी पडला. ॲमी स्वतः त्या मुलांबरोबर हत्यारे घेऊन राबत होती. दुरुस्ती उत्तम झाली. परंतु तीन दिवस गेले आणि हिंक्लरचा विक्रम मोडण्याची आशाही त्याबरोबर गेली.

येथे ती थांबली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. ती बँकॉकला गेली, सिंगापूरला गेली. जावा बेटात पेट्रोल संपत आल्याने चोमाल नावाच्या ठिकाणी साखरेच्या कारखान्याजवळ तिला उतरावे लागले. तेथे एका नव्या घराची आखणी करण्यासाठी बांबूच्या खुंट्या रोवल्या होत्या. त्या पंखांच्या कापडात घुसून भोके पडली. जखमेवर लावावयाच्या चिकटपट्ट्या भोकांवर डकवून ती पुढे गेली. सुराबाया येथे इंजिनाच्या दुरुस्तीसाठी एक दिवस मोडला. नंतर २२ मे रोजी ती तिमोर बेटाकडे निघाली, आणि रात्र झाली तरी ती पोहोचल्याची वार्ता कोठेच आली नाही. लंडनच्या वृत्तपत्रांनी ती हरवल्याचे छापले. हलमधील त्या घरात ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. वस्तुतः अंधार पडू लागल्यामुळे अटाम्बुआच्या विमानतळापासून काही मैलांवर वारुळांनी भरलेल्या एका माळावर ती उतरली होती, आणि तेथून तार करण्याची सोय नव्हती.

शेवटचा पल्ला तिमोरच्या समुद्रावरून पाचशे मैलांचा. खाली शार्कमाशांचे पाणी, विमान जमिनीवर उतरणारे, आणि इंजिन एकच. वाटेत मध्यावर एक तेलवाहू जहाज ठेवण्यात आले होते. त्यावरील लोकांनी तिला जाताना पाहिले व डार्विनला बिनतारी संदेश पाठविला. २४ मे १९३० रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास जेसन डार्विनच्या मैदानावर उतरले. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली.

तिच्या स्वतःच्या मनात मात्र प्रथम आली ती खंत. हिंक्लरपेक्षा चार दिवस अधिक लागले, म्हणजे आपण हरलो, असे तिला वाटत होते. बाहेर लोकांचा जल्लोष चालला होता आणि ती आकडे मोजीत होती. थोडा हिशोब आपणही करून पाहू. ११,००० मैलांना ताशी ऐंशी मैलांनी भागले तर सुमारे १३७ तास येतात, म्हणजे पावणेसहा दिवस. साडेएकोणीस दिवसांतील उरलेले पावणेचौदा दिवस कोठे गेले? ते व्हिएन्नाच्या विमानशाळेत, बगदादच्या वाटेवरील वाळूत, झाशीच्या सुताराजवळ, इन्सीनच्या कार्यशाळेत आणि तिमोरच्या वारुळांत गेले. तिचा खरा पराक्रम मला या पावणेचौदा दिवसांतच दिसतो. हवेतील सहा दिवस तर इंजिनानेही तिच्याबरोबर वाटून घेतले होते.

त्यानंतरची कीर्ती तिला झेपली नाही. ऑस्ट्रेलियातील समारंभांत तिचे हाल झाले. ब्रिस्बेन येथे उतरताना थकव्याने विमान उलटले, आणि पुढे तिला प्रवासी म्हणून फिरविण्यात आले. राजाने तिला सी. बी. ई. हा किताब दिला. एका वृत्तपत्राने दहा हजार पौंड दिले, पण त्या बदल्यात गावोगाव मिरवणुका काढल्या. काही दिवसांतच तिची प्रकृती ढासळली आणि दौरा बंद करावा लागला. या साऱ्या भेटींत एक भेट मात्र तिने फार जपली. सिडनीतील शाळकरी मुलांनी आपले पैसे जमवून तिला दिले होते. त्यांतून तिने सोन्याचा एक पेला करविला व तो आपल्या हल शहरास अर्पण केला. धैर्याचे कृत्य करणाऱ्या तेथील मुलास किंवा मुलीस तो सन्मान दरवर्षी मिळावा अशी तिची योजना होती.

ज्या सर सेफ्टन ब्रँकर यांनी तिला हात दिला होता, ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘आर १०१’ या प्रचंड वायुनौकेतून कराचीस यावयास निघाले आणि फ्रान्समध्ये ती नौका जळून जे अठ्ठेचाळीस लोक मेले त्यांत सापडले. सहाशे पौंडांचे कापडी विमान जेथे पोहोचले, तेथे सरकारची ती अजस्र नौका पोहोचली नाही.

पुढील दहा वर्षांतील तिचे विक्रम थोडक्यात सांगतो. १९३१ मध्ये जॅक हम्फ्रीजला बरोबर घेऊन ती सायबेरियावरून टोकियोस गेली. त्या प्रवासात लंडनहून मॉस्को तिने एका दिवसात गाठले. १९३२ मध्ये जिम मॉलिसन या प्रख्यात वैमानिकाशी तिचा विवाह झाला, आणि त्याच वर्षी लंडन ते केपटाउन हे अंतर ४ दिवस, ६ तास व ५४ मिनिटांत कापून तिने मोडला तो आपल्या पतीचाच विक्रम! १९३३ मध्ये दोघांनी मिळून अटलांटिक महासागर ओलांडला. परंतु न्यूयॉर्कच्या अलीकडे ब्रिजपोर्ट येथे रात्री उतरताना विमान मोडून दोघेही जखमी झाले. १९३४ च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीत हे दांपत्य बगदादवरून कराचीस सुमारे बावीस तासांत पोहोचले. चारच वर्षांपूर्वी ज्या वाटेला तिला सहा दिवस लागले होते ती ही वाट. पण त्यापुढे हिंदुस्थान तिला पुन्हा आडवा आला. वाट चुकून ते जबलपुरास उतरले, तेथे विमानाचे पेट्रोल नव्हते, मिळाले ते मोटारीचे घातले, आणि अलाहाबादेस येईतो इंजिने निकामी झाली. शर्यत तेथेच संपली. १९३६ मध्ये केपटाउनचा विक्रम तिने पुन्हा एकदा आपल्या नावे केला. मध्यंतरी तीन वर्षे ती स्त्री-यंत्रज्ञांच्या संस्थेची अध्यक्षा होती. संसार मात्र सुखाचा झाला नाही आणि १९३८ साली तो मोडला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा विक्रमांचे दिवस सरले होते. कारखान्यांतून तयार झालेली विमाने लष्करी तळांवर पोहोचविण्यासाठी एक मुलकी संस्था स्थापन झाली होती. तीत स्त्रियांनाही घेत, पण पुरुषांपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी पगारावर. हा भेद १९४३ साली दूर झाला. १९४० च्या मे महिन्यात जगप्रसिद्ध ॲमी जॉन्सन या संस्थेत इतर मुलींबरोबर रुजू झाली आणि सांगतील ते विमान सांगतील तेथे पोहोचवू लागली.

१९४१ च्या जानेवारीच्या आरंभी स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथून ‘ऑक्सफर्ड’ जातीचे दोन इंजिनांचे एक विमान ऑक्सफर्ड शहराजवळील किडलिंग्टन तळावर नेण्याचे काम तिजकडे आले. वाटेत ब्लॅकपूल येथे ती बहिणीच्या घरी मुक्कामास राहिली. ब्लॅकपूलपासून किडलिंग्टन सरळ रेषेत सुमारे दीडशे मैल. त्या विमानाच्या वेगाने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागावा. जिने पृथ्वीचा अर्धा घेर ओलांडला होता तिला हा पल्ला म्हणजे घरच्या अंगणातून फेरी मारण्यासारखा होता.

५ जानेवारीस हवा अत्यंत वाईट होती. ढग खाली उतरले होते, बर्फ पडत होते. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. आणखी एक दिवस ती थांबू शकली असती. ढगांच्या वर जाऊन मार्ग काढता येईल असे तिने म्हटले व दुपारी बाराच्या आधी काही मिनिटे ती निघाली. त्यानंतर सुमारे साडेतीन तास कोणी तिला पाहिले नाही. ढगांच्या पांढऱ्या पसाऱ्यावर ती घिरट्या घालीत राहिली असावी, आणि खाली उतरण्यास भोक सापडले नसावे. कारण खाली टेकड्या होत्या आणि शत्रूच्या विमानांसाठी उभारलेल्या फुग्यांच्या पोलादी तारा होत्या. तासाभराच्या वाटेस निघालेले विमान दुपारी साडेतीनच्या सुमारास थेम्स नदीच्या मुखाशी, हर्न बे गावासमोर दिसले. किडलिंग्टन तेथून शंभराहून अधिक मैल मागे राहिले होते. टाक्यांतील पेट्रोल एवढ्या वेळात संपत आलेले असणार.

‘हॅझलमिअर’ नावाचे नौदलाचे जहाज एका काफिल्याबरोबर तेथून चालले होते. त्यावरील लोकांनी आकाशातून हवाई छत्रीने कोणी उतरताना पाहिले आणि जहाज तिकडे वळविले. पाण्यातून स्त्रीचा आवाज ऐकू आला. दोऱ्या फेकल्या, पण गारठलेल्या हातांना त्या धरता आल्या नाहीत. लाटांनी जहाजाचा मागचा भाग उचलला जात होता आणि ती त्याच्या खाली दिसेनाशी झाली. जहाजाचा कप्तान वॉल्टर फ्लेचर याने अंगावरचा कोट टाकून त्या बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली. त्याला बाहेर काढले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, आणि पुढे तो रुग्णालयात मरण पावला. त्याला मरणोत्तर ॲल्बर्ट पदक देण्यात आले. ॲमीचा देह कधीच सापडला नाही. तिची पिशवी व वैमानिकाची नोंदवही तेवढी पाण्यावर तरंगताना मिळाली. विमान कसे पडले याविषयी नंतर पुष्कळ तर्क झाले, कोणी आपल्याच तोफांवरही संशय घेतला. परंतु ढगांवर गेलेल्या त्या साडेतीन तासांचा साक्षीदार एकही नाही.

तिचे वय सदतीस वर्षांचे होते. ज्यांना कबर नाही अशा वैमानिकांची नावे रनीमीड येथील स्मारकावर कोरलेली आहेत, त्यांत तिचेही नाव आहे.

२०२१-२२ मध्ये काही महिने ऑस्ट्रेलियाची प्रवासी विमाने डार्विनहून निघून कोठेही न उतरता लंडनला जात होती. त्यांना सोळा-सतरा तास लागत, आणि प्रवासी वाटेत दोनदा जेवून झोपी जात. जेसन लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात आहे.